तळटीपेतील चार शब्द

पुस्तकातील तळटीप ही वर्गातल्या शेवटच्या बाकावरील मुलासारखी असते. ती आहे हे सर्वांना ठाऊक असते, पण तिच्याकडे कुणी पाहत नाही. अक्षर बारीक, जागा पानाच्या तळाशी, आणि परीक्षेत तिच्यावर प्रश्न येत नाही. अशाच एका तळटीपेतून १९७३ साली इंग्लंडमध्ये तब्बल एक्क्याऐंशी मिनिटांची एक रॉक संगीतरचना जन्माला आली, असे सांगितले तर पुष्कळांना ते खरे वाटणार नाही. त्या तळटीपेतील चार शब्द तर आपल्या घरातलेच होते : श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र.

पाश्चात्त्य संगीतकारांनी भारतीय अध्यात्माकडे वळावे याबद्दल आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. एक अभिमानाचे : पाहा, भौतिक सुखाला कंटाळून शेवटी आले की नाही आपल्याच दाराशी! दुसरे संतापाचे : आमच्या देवधर्माचा यांनी बाजार मांडला. दोन्ही मतांची एक सोय आहे. ती बाळगणाऱ्याला प्रत्यक्षात काय घडले हे पाहण्याचे कष्ट पडत नाहीत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र ते कष्ट घ्यावेत. कुणी, केव्हा, काय वाचले, त्यातले किती समजले आणि त्याचे त्याने पुढे काय केले, एवढे तपासले की अभिमान आणि संताप दोन्ही थोडे खाली बसतात आणि विचाराला जागा होते.

*

पूर्वेचे ग्रंथ पश्चिमेकडे जाण्याची वाट १९७३ साली नवी नव्हती. तिचा एक टप्पा तर पुण्यात आहे. १८५७च्या सुमारास एडविन आर्नोल्ड हा इंग्रज कवी पुण्याच्या संस्कृत महाविद्यालयाचा प्राचार्य होता. हेच महाविद्यालय पुढे डेक्कन कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आले. इंग्लंडला परतल्यावर त्याने १८७९ साली बुद्धचरित्रावर ‘द लाइट ऑफ एशिया’ हे काव्य लिहिले आणि १८८५ साली भगवद्गीतेचे ‘द साँग सेलेस्टियल’ हे पद्य भाषांतर प्रसिद्ध केले. लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करणाऱ्या मोहनदास गांधींनी गीता प्रथम वाचली ती याच इंग्रजी भाषांतरातून. म्हणजे गीता पुण्याहून लंडनला गेली आणि इंग्रजी पोशाखात एका गुजराती तरुणाला भेटली. ग्रंथांचा प्रवास असाच वळणावळणाने होतो. दोन भाषांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे नवल वाटू नये. आपल्याही मुलांना घरचा शब्द कधीकधी शेजारच्या भाषेतूनच प्रथम कळतो.

१८९३ साली विवेकानंदांनी शिकागो गाजवले. त्याच वर्षी ५ जानेवारीस गोरखपूर येथे एका बंगाली कुटुंबात मुकुंदलाल घोष यांचा जन्म झाला. श्रीरामपूरच्या श्रीयुक्तेश्वर गिरी यांचे शिष्यत्व पत्करून ते परमहंस योगानंद झाले. १९२० साली ते अमेरिकेत बोस्टनला गेले आणि पुढे लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी आपले केंद्र उभारले. १९३५ साली ते काही काळ भारतात आले असता वर्ध्याला गांधीजींना भेटले. त्या भेटीवर त्यांच्या आत्मचरित्रात एक स्वतंत्र प्रकरणच आहे. हे आत्मचरित्र, ‘ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी’, १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले. पुस्तक इंग्रजीत, वाचक मुख्यतः अमेरिकन. त्यामुळे आपल्याकडे ज्या शब्दांचा अर्थ कुणी विचारत नाही, त्यांच्यासाठी योगानंदांना जागोजागी तळटिपा द्याव्या लागल्या. या गरजेतूनच आपली ती तळटीप लिहिली गेली.

योगानंद १९५२ साली निवर्तले. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी त्यांच्या पुस्तकाला भलताच वाचकवर्ग लाभला. पंडित रविशंकरांनी १९६६ साली ते बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनच्या हाती दिले. १९६७ सालच्या ‘सार्जंट पेपर’ या त्यांच्या प्रसिद्ध रेकॉर्डच्या वेष्टणावरील गर्दीत योगानंद, त्यांचे गुरू श्रीयुक्तेश्वर, परमगुरू लाहिरी महाशय आणि महावतार बाबाजी असे चौघेही दिसतात. त्याच चित्रात गांधीजीही होते. पण भारतातील ग्राहक दुखावतील या धास्तीने रेकॉर्ड कंपनीने त्यांना काढायला लावले. चार योगी राहिले, महात्मा गेला! १९६८च्या आरंभी बीटल्स हृषीकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात येऊन राहिले आणि मग भारत हा पाश्चात्त्य तरुणांच्या नकाशावरचा एक ठळक ठिपका झाला.

*

पण बीटल्सची गाणी तीन-चार मिनिटांची होती. श्रुती-स्मृतींसारखा विषय त्यांत मावणार कसा? इथे थोडा तांत्रिक इतिहास लक्षात घ्यायला हवा. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयालाही एवढ्याच वेळात राग उभा करून संपवावा लागे. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले रेकॉर्ड आली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली. आपल्याकडे तिच्यामुळे विलंबित ख्याल घराघरांत पोचला. इंग्लंड-अमेरिकेत १९६०च्या दशकाअखेरीस काही तरुण वादकांना वाटू लागले की, वीस मिनिटे हाताशी असताना तीन मिनिटांची सहा गाणी कशाला भरायची? एकच मोठी रचना का करू नये? नाचायला लावणारे म्हणून हिणवले जाणारे रॉक संगीत पाश्चात्त्य अभिजात संगीतासारखे लांबरुंद, अनेक खंडांचे, विषय मांडणारे का असू नये? या महत्त्वाकांक्षेलाच पुढे ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ असे नाव पडले.

‘येस’ हा १९६८ साली लंडनमध्ये स्थापन झालेला वाद्यवृंद या प्रकारातील अग्रणी. त्याचा गायक जॉन अँडरसन हा लँकेशायरमधील ॲक्रिंग्टन गावचा. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, मग शेतावर काम, लॉरी चालवणे, दूध पोचवणे असे करीत तो गाण्यात आला. संगीताचे रीतसर शिक्षण नाही, पण वाचनाची ओढ मोठी. १९७२ साली ‘येस’ने ‘क्लोज टु द एज’ ही सुमारे एकोणीस मिनिटांची रचना केली. तिच्यामागे हेर्मान हेसे यांच्या ‘सिद्धार्थ’ या कादंबरीची प्रेरणा होती. या हेसेंचे आजोबा हेर्मान गुंडेर्ट हे बासेल मिशनचे धर्मोपदेशक, मलबारात राहून मलयाळमचा कोश सिद्ध करणारे. ज्या किटेलसाहेबांच्या कन्नड कोशाशिवाय आपल्या भागात कन्नडचा अभ्यास होत नाही, तेही याच मिशनचे. पूर्वेकडची वाट अँडरसनपर्यंत पोचली होती ती अशा आडवाटांनी.

*

मार्च १९७३च्या आरंभी ‘येस’चा पूर्वीचा तालवादक बिल ब्रूफर्ड याचे लग्न होते. त्या समारंभात अँडरसनची गाठ ‘किंग क्रिमसन’ या वाद्यवृंदातील जेमी म्यूर या तालवादकाशी पडली. म्यूरने त्याला योगानंदांचे आत्मचरित्र वाचायला सांगितले. म्यूर नुसता सांगून थांबणारा नव्हता. त्याच सुमारास त्याने वाद्यवृंद सोडला आणि तो स्कॉटलंडमधील तिबेटी बौद्ध मठात राहायला गेला. अँडरसन मात्र दौऱ्यावर जपानला गेला. टोकियोच्या हॉटेलात पुस्तक चाळताना ८३व्या पानावरील एका लांबलचक तळटिपेवर त्याची नजर खिळली.

त्या टिपेचा आशय असा : शास्त्रांचे चार वर्ग आहेत. श्रुती म्हणजे प्रत्यक्ष ऐकलेले, प्रकट झालेले वेद. स्मृती म्हणजे स्मरणात ठेवलेले ज्ञान. रामायण-महाभारत ही महाकाव्ये त्यांत येतात. पुराणे अठरा, प्राचीन रूपककथांची. आणि तंत्र म्हणजे विधी, प्रतीकांच्या पडद्याआड खोल सत्ये सांगणारे ग्रंथ. धर्म, समाज, कायदा, वैद्यक, वास्तुशिल्प, कला या सर्व अंगांना ही शास्त्रे स्पर्श करतात.

अँडरसन बरेच दिवस एका मोठ्या रचनेसाठी विषय शोधत होता. त्याला तो मिळाला. चार शास्त्रे, आणि दोन रेकॉर्डांच्या बाजूही चार! गिटारवादक स्टीव्ह हाउ याच्याबरोबर तो दौऱ्यातल्या मुक्कामांवर हॉटेलच्या खोलीत मेणबत्त्या लावून बसू लागला. अमेरिकेत सव्हाना येथे एका रात्री दोघे बसले ते सकाळी सात वाजता उठले, तेव्हा संपूर्ण आराखडा तयार होता.

रचनेचे नाव ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’. तिच्या चार खंडांची नावे पाहिली की तळटीप कशी वाचली गेली ते उघड दिसते. पहिल्या खंडाच्या नावात ‘प्रकट होणे’ आहे, दुसऱ्याच्या ‘स्मरण’, तिसरा ‘प्राचीन’ आणि चौथा ‘विधी’. श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र यांची ही जवळजवळ शब्दशः भाषांतरे आहेत. एखाद्या चुणचुणीत विद्यार्थ्याने शब्दार्थ पाठ करून निबंध लिहावा, तसे.

आणि इथेच शिक्षकाची लाल पेन्सिल हातात येते. स्मृती म्हटले की आपल्याला आधी मनू आणि याज्ञवल्क्य आठवतात. रामायण-महाभारताला आपण इतिहास म्हणतो. व्यापक अर्थानेच ती स्मृतीत बसतात. तंत्र म्हणजे नुसते विधी नव्हेत. त्या शब्दाचा धातू ‘तन्’, म्हणजे ताणणे, पसरणे. तंतू हा शब्द त्याच धातूचा आणि तंतुवाद्य हेही त्याच कुळातले. ज्याच्या हाती गिटारसारखे तंतुवाद्य होते त्याला हे कुणी सांगितले असते तर! श्रुतीचे तर त्याहून गमतीचे. श्रुती म्हणजे ऐकलेले; शिवाय आपल्या संगीतशास्त्रात सप्तकाचे जे बावीस सूक्ष्म स्वर मानले आहेत, त्यांनाही श्रुतीच म्हणतात. संगीतकाराला हव्याशा वाटाव्यात अशा या दोन अर्थांपैकी पहिला तळटिपेत होता, दुसरा नव्हता. आणि शीर्षकात गेला तो तिसराच, ‘प्रकट होणे’.

मग काय, नापास? असा निकाल देण्याची घाई करू नये. अँडरसनला शास्त्रांवर प्रबंध लिहायचा नव्हता. त्याला एक घाट हवा होता. ज्ञान आधी प्रकट होते, मग स्मरणात राहते, मग प्राचीन होते आणि अखेर आचरणात उतरते, असा एक क्रम त्याला त्या चार शब्दांत दिसला. काही तंत्रग्रंथांत कृतयुगाला श्रुती, त्रेतायुगाला स्मृती, द्वापराला पुराण आणि कलीला आगम अशी वाटणी सांगितली आहे, ती त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही चार शास्त्रांना काळाच्या सूत्रात ओवावे, ही बुद्धी त्याला आपल्या आपणच झाली. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडायला त्याला आधार लागत होता. तो आधार त्याला या चार शब्दांनी दिला.

*

ध्वनिमुद्रण १९७३च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत झाले. काहींना खेड्यात जाऊन मोकळ्या हवेत काम करायचे होते, काहींना लंडन सोडायचे नव्हते. तोडगा म्हणून लंडनमधल्या स्टुडिओतच गवताचे भारे आणि पुठ्ठ्याच्या गाई आणून ठेवण्यात आल्या! शास्त्रांवरील रचनेला गोमातेची अशी उपस्थिती लाभावी हा योगायोग म्हणायचा. वेष्टणाचे चित्र रॉजर डीन याने काढले. त्यात मेक्सिकोतील माया लोकांचे मंदिर आहे, पेरूतील नाझ्काच्या रेषा आहेत, इंग्लंडातील पुरातन शिळा आहेत. भारत तेवढा नाही. चित्रकाराने ‘प्राचीन’ या शब्दाचा अर्थ त्याच्या परीने लावला.

संगीतही असेच आहे. पहिला खंड एकसुरी पठणासारख्या गायनाने सुरू होतो, मग वाद्ये एकेक करून उजाडत जातात. दुसरा शांत, पसरट, कीबोर्डच्या लाटांवर तरंगणारा. तिसऱ्यात कर्कश तालवाद्ये आणि हाउची गिटार यांची झुंज आहे, आणि वेगवेगळ्या भाषांतील सूर्यवाचक शब्दांचा पुकारा आहे. त्यांत आपल्याकडच्या शब्दांशी मिळतेजुळतेही काही कानावर येतात. सूर्यनमस्कारांत सूर्याची बारा नावे घेणाऱ्या आपल्याला हा पुकारा परका वाटू नये. याच खंडाच्या उत्तरार्धात हाउ साध्या गिटारीवर जे वाजवतो ते संपूर्ण रचनेतील सर्वांत निर्मळ स्थळ आहे. चौथ्यात ताशा-ढोलांचा गजर व्हावा तसा तालवाद्यांचा भडिमार होतो, आणि त्यातून शेवटी एक साधे, प्रेमळ गीत वर येते. रागदारी यात कुठे नाही. शास्त्रांची नावे आपली, सूर त्यांचे.

लोकांनी काय केले? डिसेंबर १९७३मध्ये रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा आगाऊ मागणीवरच तिला ‘गोल्ड’चा मान मिळाला होता, आणि ब्रिटनमध्ये ती दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. समीक्षकांपैकी अनेकांनी मात्र झोडपले. शब्दबंबाळ, फुगवलेले, कंटाळवाणे अशी विशेषणे पडली. मराठीत एकाच वाक्यात सांगायचे तर, ‘पुराण लावलंय’ असा शेरा मिळाला. प्रकाशनाला उशीर झाल्यामुळे इंग्लंडच्या दौऱ्यात श्रोत्यांना ही सारी रचना आधी न ऐकता सलग ऐकावी लागली, याचाही परिणाम झाला. पुढच्या दौऱ्यात दुसरा खंड गाळलाच गेला.

सर्वांत मोठा टीकाकार वाद्यवृंदातच होता. कीबोर्ड वाजवणारा रिक वेकमन याचे म्हणणे असे की, मजकूर एका रेकॉर्डला जास्त आणि दोन रेकॉर्डांना कमी होता. म्हणून भर घालून तो ताणला गेला. मँचेस्टरच्या एका कार्यक्रमात रचना चालू असतानाच त्याने चक्क भारतीय जेवण मागवून घेतले आणि कीबोर्डवर ठेवून खाल्ले, असे त्यानेच सांगितले आहे. त्यात चिकन विंदालू होते. गोव्याच्या वाचकांना हे वाचून बरे वाटेल. श्रुती-स्मृती-पुराणांच्या मंचावर त्या रात्री अस्सल भारतीय म्हणावे असे तेवढेच काय ते होते, आणि त्याचाही मूळ पाव पोर्तुगीज! मे १९७४मध्ये, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, वेकमनने वाद्यवृंद सोडला.

वेकमनचा आक्षेप मला बराचसा रास्त वाटतो. दुसरा खंड खरोखर सैल आहे. तळटीप ठिणगी देते, इंधन देत नाही. एक्क्याऐंशी मिनिटे जळत ठेवायला जेवढे सरपण लागते तेवढे ८३व्या पानाच्या तळाशी नव्हते. ते मिळवायला मूळ ग्रंथांपर्यंत जावे लागले असते, किंवा कुणाच्या तरी पायाशी बसावे लागले असते.

*

पायाशी बसणारेही त्या काळात होते. यॉर्कशायरमध्ये १९४२ साली जन्मलेला गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन याने १९७० साली न्यूयॉर्कमध्ये श्री चिन्मय यांचे शिष्यत्व घेतले. चिन्मय हे चितगावकडचे, पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात वाढलेले आणि १९६४ साली अमेरिकेस गेलेले. त्यांनी शिष्याला ‘महाविष्णू’ हे नाव दिले. १९७१ साली ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ उभा राहिला. केस कापलेला, शुभ्र वस्त्रांतला हा गिटारवादक मंचावर आधी क्षणभर मौन पाळण्याची विनंती करी, आणि मग विजेच्या लोळासारखे संगीत सुरू होई. सात, नऊ, दहा, अठरा अशा मात्रांची आवर्तने तो सहज खेळवी. चार मात्रांवर वाढलेल्या रॉकच्या कानांना हे अद्भुत वाटले. रूपक आणि झपताल ऐकत वाढलेल्या आपल्याला त्यातले गणित लगेच ओळखू येते.

मॅक्लॉफ्लिनने नावावर समाधान मानले नाही. अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात विद्वान एस. रामनाथन यांच्याकडे त्याने वीणेचे धडे घेतले. पहिला ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ आपसांतील मतभेदांमुळे १९७३ अखेर मोडला, पुढे चिन्मय यांचे शिष्यत्वही त्याने सोडले. पण अभ्यास सुटला नाही. १९७५ साली मुंबईचे झाकिर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटम् वाजवणारे विक्कू विनायकराम यांच्यासह त्याने ‘शक्ती’ हा वाद्यवृंद काढला. तोच ‘शक्ती’ २०२३ साली नवी रेकॉर्ड घेऊन आला आणि २०२४मध्ये तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरात झाकिरभाई गेले. जवळजवळ पन्नास वर्षांचा हा सहवास. याला लहर किंवा फॅशन कसे म्हणावे?

तिसरे उदाहरण आपल्या अधिकच जवळचे. ‘द हू’ या वाद्यवृंदाचा पीट टाउनसेंड हा १९६०च्या दशकाअखेरीस मेहेरबाबांचा अनुयायी झाला. मेहेरबाबा १८९४ साली पुण्यात एका इराणी कुटुंबात जन्मले, डेक्कन कॉलेजात शिकले. म्हणजे आर्नोल्डचेच कॉलेज! पुण्याच्या हजरत बाबाजान आणि साकोरीचे उपासनी महाराज यांच्या सहवासात त्यांचे जीवन बदलले. १० जुलै १९२५ रोजी त्यांनी मौन धरले ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत सोडले नाही. नगरजवळ अरणगावानजीक मेहेराबाद येथे त्यांची समाधी आहे. नशेच्या गोळीतून ईश्वर भेटत नाही, असे त्यांनी पाश्चात्त्य तरुणांना स्पष्ट बजावले होते, आणि टाउनसेंडला ते पटले. मे १९६९मध्ये ‘टॉमी’ ही त्याची रॉक-संगीतिका आली. तिचा नायक ना पाहतो, ना ऐकतो, ना बोलतो. त्रेचाळीस वर्षांहून अधिक काळ मौन पाळणाऱ्या गुरूच्या शिष्याला असा नायक सुचावा यात मला विसंगती वाटत नाही. वेष्टणावर मेहेरबाबांच्या नावाची नोंद आहे. १९७२ साली टाउनसेंड स्वतः मेहेराबादला येऊन गेला.

१९७१ सालच्या त्याच्या ‘बाबा ओरायली’ या गाण्याच्या नावात दोन नावे जोडलेली आहेत. ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबा. ‘ओरायली’ म्हणजे टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार, ज्याच्या आवर्तनी रचनापद्धतीचा गाण्यावर ठसा आहे. हा रायली १९७०पासून पंडित प्राणनाथ यांचा शिष्य. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शागीर्द. आणि याच खाँसाहेबांकडे हिराबाई बडोदेकरही शिकल्या. मिरज, कुंदगोळ, हुबळी, धारवाड या किराण्याच्या मुलखात राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जगभर मैदाने दणाणवणाऱ्या एका गाण्याच्या नावात नगरचा मौनी बाबा आहे आणि हिराबाईंच्या गुरुबंधूचा शिष्य आहे.

*

तिघांनी तीन मार्गांनी घेतले. अँडरसनने वाचून, मॅक्लॉफ्लिनने शिकून, टाउनसेंडने श्रद्धेने. ज्याने जेवढे कष्ट केले तेवढे त्याला लाभले. नावे आणि वर्गीकरण घेणाऱ्याच्या हाती घाट आला, पण तो काही ठिकाणी पोकळ राहिला. तालाचे गणित आणि वीणेची बोटे शिकणाऱ्याला अर्ध्या शतकाची शिदोरी मिळाली. ज्याने एका माणसावर श्रद्धा ठेवली त्याला आपल्या दुःखाची कथा सांगायला भाषा मिळाली. उसने घेण्यात कमीपणा नाही. ते कशाने फेडले हे पाहावे. हा न्याय इंग्रज संगीतकाराला लागू आहे तसाच आपल्यालाही आहे.

कारण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. आपल्याकडे कुठल्याही पूजेला बसले की संकल्पात गुरुजी ‘श्रुतिस्मृतिपुराणोक्त’ हा लांब समास म्हणतात. गणपतीला, सत्यनारायणाला, वास्तुशांतीला, वर्षातून किती वेळा तो आपल्या कानांवरून जातो! पळीने पाणी सोडताना आपण तो पुटपुटतोही. चारांपैकी तीन शब्द त्यात आहेत. त्यांचा अर्थ दहावीच्या वर्गात विचारला तर किती हात वर होतात, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. तो आकडा इथे सांगण्यासारखा नाही. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. घरात कुणी अर्थ विचारला नाही, कुणी सांगितला नाही. योगानंदांना तळटीप लिहावी लागली कारण त्यांचा वाचक परका होता. आज ती आपल्या मुलांसाठीही लिहावी लागेल, अशी स्थिती आहे.

पाश्चात्त्यांनी आपल्या शास्त्रांचा अर्धवट अर्थ लावला ही तक्रार करण्याचा अधिकार ज्याने पूर्ण अर्थ लावला त्याला आहे. तो टोकियोच्या हॉटेलातला गायक निदान थांबला, टीप दोनदा वाचली, मित्राला बोलावले, रात्र जागवली आणि स्वतःच्या वाद्यांनिशी काहीतरी उभे केले. ते अर्धे फसले असेल; पण त्या चार शब्दांसाठी त्याने आपला मानमरातब पणाला लावला, एक उत्तम सहकारी गमावला. आपण त्याच शब्दांसाठी गेल्या वर्षभरात काय केले, हा प्रश्न आपापल्या घरी विचारावा.

या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पाटावर बसाल तेव्हा संकल्पाच्या त्या समासापाशी गुरुजींना क्षणभर थांबवा आणि शेजारी बसलेल्या मुलाला त्याची फोड सांगा. श्रुती म्हणजे काय, स्मृती म्हणजे काय, पुराणे किती. घरात कन्नड, कोकणी, हिंदी वा गुजराती जास्त बोलली जात असेल तर त्या भाषेत सांगा. चारही शब्द त्या भाषांत जसेच्या तसे आहेत. दोन मिनिटे लागतील. मुहूर्त टळणार नाही.